अपेक्षांचा रकाना

पेडणेकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच ऑफिसच्या दारात उभे होते आणि मला वाटलं, हेही माझ्यासारखे नोकरीच्या मुलाखतीला आलेत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकची झाकणं बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या वरचा गाळा. आत केतनभाई, म्हणजे मालक, फोनवर कोणाशी तरी गुजरातीत भांडत होते आणि मी फाइल मांडीवर घेऊन समोर बसले होते. दारात एक गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात डबा. आत येत नव्हते की परत जात नव्हते. शेवटी मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी म्हटलं, "या ना, बसा." ते लगेच आत आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, डबा पायाशी ठेवला, मला थँक्यू म्हणाले आणि माझी मुलाखत घ्यायला लागले.

माणूस विनोदी आहे की मला खेळवतोय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे कळलं की तो त्यांचा रोजचा शिरस्ता होता. सदानंद पेडणेकर बोलावल्याशिवाय कुठे जात नसत. तुमच्या टेबलाशी काही काम असेल तर तुमच्या पाठीमागे येऊन उभे राहत आणि तुम्ही मान वळवेपर्यंत खिशातलं पेन काढून परत ठेवत. खालच्या टपरीवर चहा मागत नसत. चहावाल्याची नजर पडली की किंचित हसत. केतनभाई म्हणायचे, "इसको बुलाओगे तो आएगा, नहीं तो उधर ही खडे खडे रिटायर हो जाएगा." मी घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, आमच्याकडे दार वाजवणं हासुद्धा परकेपणा. मला हे सगळं बघून आधी हसू यायचं, मग राग यायचा, आणि नंतर नंतर काय वाटायचं ते मला नीट सांगता येत नाही.

आमची कंपनी लहानसहान धंद्यांसाठी कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्राम लिहिते. सगळी दुनिया मोबाइलवर गेली असताना आमचे गिऱ्हाईक मात्र अजून टेबलावरच्या कॉम्प्युटरला धरून बसलेत: दोन-चार वाचनालयं, एक-दोन दवाखाने, एक बर्फाचा कारखाना. सरांच्या हाताखाली मला पहिलं काम मिळालं ते एक डायलॉग लिहिण्याचं. डायलॉग म्हणजे ती लहान खिडकी, जी मुख्य प्रोग्रामच्या पुढ्यात उघडते, तुमचं नाव-पत्ता विचारते आणि खाली 'ठीक' आणि 'रद्द' अशी दोन बटणं घेऊन उभी राहते. मला वाटलं, यात काय आहे. मी खिडकीच्या रकान्यांमध्ये नावं भरायची आज्ञा लिहिली, त्याखाली खिडकी उघडायची आज्ञा लिहिली, प्रोग्राम चालवला आणि तो धाडकन बंद पडला. पुन्हा चालवला, पुन्हा बंद. दुपारपर्यंत माझी पार वाट लागली होती. मान वळवली तर सर मागे उभे, हातात पेन.

त्यांनी मला सांगितलं ते असं. खिडकी तू बनवत नाहीस, सिस्टीम बनवते. ती बनेपर्यंत तुझे रकाने जन्मालाच आलेले नसतात, मग त्यांत भरणार काय? तू फक्त एक फंक्शन लिहायचं, त्याचा पत्ता सिस्टीमला देऊन ठेवायचा आणि गप्प बसायचं. खिडकी तयार झाली, पण अजून पडद्यावर दिसली नाही, अशा नेमक्या क्षणी सिस्टीम तुझ्या त्या फंक्शनला हाक मारते. तेव्हा रकाने भरायचे. याला कॉलबॅक म्हणतात.

मला काही केल्या पटेना. फंक्शन मी लिहिलंय, मला माहीत आहे त्यात काय आहे, मग ते मीच का नाही बोलवायचं? दुसरं कोणी बोलावणार म्हणजे कोण? आणि त्याने बोलावलंच नाही तर?

"लग्नाचा हॉल घेतलास," सर म्हणाले, "तर हॉलवाल्याकडे नंबर देऊन ठेवतेस ना? आधीचं लग्न आटपलं, हॉल झाडून झाला की तो फोन करतो. त्याच्या आधी खुर्च्या घेऊन गेलीस तर रस्त्यात मांडशील काय गो?"

"पण सर, तो विसरला तर?"

"आपण नंबर दिलेला असला तर विसरत नाय," ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला वाटलं, हे आता प्रोग्रामबद्दल बोलत नसावेत. मी विचारलं नाही. त्यांना काही विचारलं की ते पुढचा पाऊण तास तेवढंच उत्तर फिरवून फिरवून देत. तो कॉलबॅक मला त्या दिवशी चालवता आला, समजला मात्र पुष्कळ उशिरा. आताही नव्या मुलांना तो शिकवताना मी मध्येच अडखळते.

आमच्या गिऱ्हाइकांत घाटकोपरच्या खरे काकूंचं वधू-वर सूचक केंद्र होतं. काकू जुन्या वळणाच्या, पण कामाला वाघीण. मुलींची माहिती इंटरनेटवर टाकायची नाही हा त्यांचा बाणा, म्हणून आमचा प्रोग्राम. स्थळ उघडलं की एक मोठी खिडकी यायची: फोटो, पत्रिका, शिक्षण, नोकरी, उंची आणि सगळ्यात खाली 'अपेक्षा' नावाचा रकाना. काकूंची तक्रार एकच होती. खिडकी उघडायला वेळ लागतो, समोर आईबाप ताटकळतात, आणि तेवढ्यात त्यांना दुसरं केंद्र आठवतं. सरांनी त्यावर एक युक्ती केली. दर वेळी खिडकी मोडून नवी बनवायची नाही. एकदाच बनवायची, बंद केली की नुसती लपवायची, पुढचं स्थळ उघडलं की तीच पुन्हा पुढे करायची. खिडकी पापणी लवायच्या आत उघडायला लागली. काकूंनी खूश होऊन ऑफिसात नारळाच्या वड्या पाठवल्या.

वड्यांबरोबर त्यांनी एक निरोपही पाठवला होता. सगळ्या जगाची लग्नं पेडणेकरांच्या प्रोग्रामवर जमतात, मग पेडणेकरांचं स्वतःचं नाव त्यात का नाही?

सरांची पन्नाशी जवळ आली होती. जोगेश्वरीला गिरणीतल्या वडिलांनी घेतलेली खोली, तिथे एकटेच. मालवणच्या अलीकडे एका गावात म्हातारी आई, तीही एकटीच. लग्न राहून कसं गेलं, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं होतं. ते म्हणाले, कोणी विचारलं नाही. मला वाटलं, थट्टा करतायत. चेहरा बघितला तर नव्हते करत. आता काकूंनीच बोलावल्यामुळे त्यांनी नाव घातलं, आणि अपेक्षांच्या रकान्यात अगदी स्वच्छ लिहिलं: 'थोड्याच दिवसांत कायमचा गावी जाणार आहे. आईचं वय झालं आहे. सोबत येण्याची तयारी असावी.' अशा अपेक्षेवर मुंबईतली कोण बाई येणार, असं आम्ही डबा खाताना आपसांत म्हणत होतो.

पण आली. मुलुंडची वैशाली. चाळिशी ओलांडलेली, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, भाऊ-वहिनीकडे राहणारी. काकूंनी सरांच्या हातात तिची माहिती दिली त्यात अपेक्षांखाली लिहिलं होतं: 'लग्नानंतर गावी राहायला आवडेल. सासूबाईंची जबाबदारी आनंदाने घेईन.' सरांनी तो कागद आम्हाला डब्याच्या वेळी दाखवला आणि परत घडी घालून खिशात ठेवला. त्यांचं जेवण झालंच नाही त्या दिवशी.

मुलुंडच्या एका हॉटेलात ते दोनदा भेटले, दोन्ही वेळा भाऊ-वहिनींच्या देखत. आपल्याकडे माहितीत लिहिलेलं पुन्हा तोंडाने विचारायचं नसतं. विचारलं तर समोरच्याला वाटतं, यांचा विश्वास नाही. त्यामुळे गावी राहायचा विषय कोणी काढलाच नाही. अपेक्षा जुळतातच म्हणून काकूंनीही मुलुंडला फोनवर सरांचं वय, नोकरी आणि घर एवढंच सांगितलं होतं. सर गावच्या घराबद्दल बोलत राहिले, ती ऐकत राहिली. मालवणी माणूस गावाबद्दल बोलणारच, यात तिला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. सरांनी मात्र त्यातून सगळं ओळखलं होतं. "तिने विचारलं, विहिरीला पाणी किती महिने असतं," ते मला कौतुकाने म्हणाले. "विचार केल्याशिवाय असं कोण विचारतं गो?" साखरपुड्याची तारीख धरली. सरांनी फिकट निळा शर्ट घेतला. केतनभाईंनी पेढे मागवले आणि त्यातले अर्धे स्वतःच खाल्ले.

त्याच आठवड्यात काकूंना त्या खिडकीत रक्तगटाचा एक नवा रकाना हवा होता आणि ते काम माझ्याकडे आलं. तपासायला म्हणून मी दोन खोटी स्थळं तयार केली. पहिल्याच्या अपेक्षांत गमतीने लिहिलं, 'मासे खाणारी हवी, घोरणारी चालेल.' दुसऱ्याला अपेक्षा काहीच लिहिल्या नाहीत. मग पहिलं स्थळ उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं. अपेक्षांत लिहिलेलं होतं, 'मासे खाणारी हवी, घोरणारी चालेल.' मी चक्रावले. वाटलं, चुकून पहिलंच उघडलं. नाव बघितलं तर दुसरंच होतं. पुसून टाकलं, पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. जिथे मी एक अक्षर लिहिलं नव्हतं तिथे माझीच थट्टा माझ्याकडे बघत होती. मला भुताटकी वाटायची पाळी आली.

मी हसत हसत सरांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं आणि सरळ झालेच नाहीत. रकाने पहिल्यांदा भरणारा तो कॉलबॅक, तो खिडकी बनताना एकदाच येतो. सरांनी खिडकी एकदाच बनवून ठेवली होती, तेव्हा पुढच्या प्रत्येक वेळी हाक येणार नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच वेगळं लिहिलं होतं: नव्या स्थळाची माहिती असेल ती रकान्यात टाक. नसेल तर काय, ते लिहायचं राहिलं होतं. नसेल तर आधीच्या माणसाचं तसंच राहत होतं. आणि कोणी 'ठीक' दाबलं की ते कायमचं या माणसाच्या नावावर जमा होत होतं. बाकी सगळे रकाने भरल्याशिवाय काकू नाव घेतच नसत. रिकामा राहू शकत होता तो फक्त अपेक्षांचा. आणि अपेक्षा रिकाम्या कोण ठेवतो? म्हणून इतके महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सर आपल्या जागेवर गेले. त्यांनी काकूंकडच्या माहितीची जुनी प्रत उघडली, जी नवी खिडकी बसवण्याआधी आम्ही राखून ठेवली होती. वैशालीचं नाव तेव्हाच नोंदलेलं होतं. तिच्या अपेक्षा रिकाम्या होत्या. तिच्या आधीचं नाव संगमेश्वरच्या कोणा बाईंचं होतं, आणि त्यांना लग्नानंतर गावी राहायला आवडणार होतं. सासूबाईंची जबाबदारी आनंदाने घेणाऱ्या त्याच.

मी घाबरून सरांकडे बघितलं. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी हो म्हटलं होतं, आणि ते हो दुसऱ्याच बाईचं होतं. खालच्या कारखान्याचं यंत्र खटखटत होतं. मी घाईघाईत चुकीचं तेच बोलले. म्हटलं, सर, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. साखरपुडा होऊन जाऊ दे. मग हळूहळू सांगा. एकदा संसार सुरू झाला की माणसं गावी काय, कुठेही राहतात.

सरांनी चष्मा काढून पुसला. "अगो, ती बिचारी सकाळी उठल्यापासून दुसऱ्याच कोणत्या तरी बाईने लिहिलेलं वाक्य पाळत बसेल," ते म्हणाले. "आणि मी गावभर सांगत फिरेन, माझी बायको किती चांगली."

त्यांनी आधी प्रोग्राम सुधारला. मग खरे काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. काकूंनी दोन्ही हात कपाळाला लावले, पण बाई पक्की. ज्यांचे रकाने बिघडले असतील त्या सगळ्यांना फोन करायचं ठरलं, आणि फोन करायला मला बसवलं. तो दिवस मी विसरणार नाही. बोरिवलीच्या एका दातांच्या डॉक्टरला 'घरजावई होण्यास हरकत नाही' असं चिकटलं होतं आणि आपल्याला एवढी स्थळं का येतायत या कोड्यात तो बिचारा कधीपासून होता. एका मुलाला विचारलं, तुमच्या खऱ्या अपेक्षा काय? तो पलीकडून आईला विचारून येतो म्हणाला. दुसरा म्हणाला, "राहू द्या ना मॅडम, चांगलं लिहिलंय." आणि संगमेश्वरच्या बाई? त्यांचं लग्न कधीच झालं होतं आणि त्या नवऱ्याबरोबर दुबईला होत्या.

मुलुंडचा फोन काकूंनी स्वतः केला. तो वैशालीच्या भावाने उचलला. गावी कायमचं म्हटल्यावर तो म्हणाला, छे छे, तिला नाही जमणार, आम्हाला वाटलं हे सुट्टीपुरतं बोलतायत. साखरपुडा रद्द झाला. एवढ्या सरळपणे झाला की मला तो रद्द झाल्यासारखाच वाटेना.

"पण वैशालीताई काय म्हणाल्या?" मी सरांना विचारलं.

"नाही म्हणाली."

"त्या म्हणाल्या, की त्यांचे भाऊ म्हणाले?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं. भाऊ काय परका आहे काय, असं काहीसं पुटपुटले. मी त्यांच्यावर चिडले. ज्या माणसाने दुसऱ्याचं वाक्य तिच्या तोंडी नको म्हणून स्वतःचं लग्न मोडलं, त्याने लगेच दुसऱ्याचंच वाक्य तिचं म्हणून कसं घेतलं, हे मला कळत नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ते हात धुवायला गेले.

पुढच्या महिन्यात ते नोकरी सोडून गावी गेले. केतनभाईंनी खूप समजावलं. ते म्हणाले, आई एकटी आहे. त्याच्यापुढे कोण काय बोलणार? त्यांची खुर्ची मला मिळाली आणि तिच्यात बसायला मला बरेच दिवस संकोच वाटत होता.

गणपती झाल्यावर एका दुपारी मी मान वर केली तर सर टेबलापुढे उभे. पाठीमागे नव्हे, पुढे. रापले होते, थोडे वाळले होते. आम्ही खाली टपरीवर गेलो आणि त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

गावी गेल्यावर त्यांनी आईची सेवा सुरू केली होती. तिचं अंथरूण मागच्या खोलीतून पुढच्या हवेशीर खोलीत आणलं. विहिरीवर जायला बंदी केली. कोंबड्या शेजारच्यांना देऊन टाकल्या, कारण वाकून वाकून तिची कंबर दुखेल. संध्याकाळी ती शेजारच्या काकींकडे टीव्ही बघायला जायची, तर यांनी घरातच नवा टीव्ही आणला. म्हातारी दिवसेंदिवस मुकी होत चालली. यांना वाटलं, वय झालं. शेवटी एक दिवस तिने भाकरी थापता थापता विचारलं, "तू कित्याक इलंस रे?"

का आलो? सर म्हणाले, तुझ्यासाठी.

"माका कधी इचारलंस?" म्हातारी म्हणाली. "तुका रवाचा आसात तर रव. पण माझा नाव सांगू नको."

"मी रात्रभर विचार केला," सर म्हणाले. "मला गावी राहायचं होतं की नव्हतं, तेच आठवेना. आईला हवं असेल, हे मीच धरून बसलेलो. तिचा पण रकाना मीच भरलेला." चहा निवून गेला होता, त्यांनी तो तसाच एका घोटात संपवला. आणि मग म्हणाले, येत्या रविवारी मुलुंडला जायचंय, तू बरोबर चल. एकटा पुरुष माणूस गेला तर बरं दिसत नाही.

तिथे गेलो. दार भावाने उघडलं, आम्हाला बघून गोंधळला, पण बसा म्हणाला. माणूस वाईट नव्हता. वहिनी पाणी घेऊन आली आणि तिच्यामागून वैशाली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. सावळी, शांत, केसांत थोडी चांदी, शाळेतल्या बायकांना असते तशी समोरच्याकडे सरळ बघण्याची सवय. सरांनी भावाशी काहीच बोलणं केलं नाही. ते तिच्याकडे वळले. या वेळी खिशातल्या पेनाला हात लावला नाही.

"मी गावी राहणार नाही. मुंबईतच आहे. मला तुमच्याशी लग्न करायची इच्छा आहे. तुम्हाला काय हवंय ते मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. ते विचारायला आलो."

भावाचा चेहरा खुलला. गावाचीच अडचण होती ना, तो म्हणाला, मग आता प्रश्नच मिटला. वहिनी हसली. मीही मनातून हुश्श केलं, खोटं कशाला सांगू. वैशाली एकटीच हसली नाही. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अपेक्षांचं तुम्ही काकूंना सांगितलंत ते मला दादाने सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "माझा रकाना रिकामा होता ते खरं. नाव घालायला दादा गेला होता. त्याने मला विचारलं, अपेक्षा काय लिहू. मी म्हटलं, काही लिहू नकोस. त्याला वाटलं, हिला काहीही चालेल." तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. "मला लग्नच करायचं नाहीये. कोणाशीच नाही. मला माझी शाळा आवडते, माझं एकटीचं आवडतं."

"असं तू कधी बोलली नाहीस," भाऊ म्हणाला.

"बोलले होते, दादा. चिडून बोलतेय असं म्हणालास."

वहिनीच्या हातातला ट्रे तसाच राहिला. भाऊ उठला, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, तुम्ही मनावर घेऊ नका, ती अशीच आहे, चार दिवस द्या, मी समजावतो. मी सरांकडे बघितलं. त्यांना जे हवं होतं ते त्या क्षणी त्यांच्या पुढ्यात होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. भाऊ समजावणार, वहिनी समजावणार, काकू समजावणार, आणि चार दिवसांनी ती हो म्हणालीही असती. माणसं म्हणतातच.

"समजावू नका," पेडणेकर सर म्हणाले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "त्या बोलल्या ते सगळ्यांनी ऐकलं. आता त्याच्यावर दुसरं काही लिहू नका."

वैशालीने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते. "तुमच्याशी बोलायला मला आवडायचं," ती म्हणाली. "पण तेवढ्यासाठी लग्न करणं मला जमणार नाही."

सर म्हणाले, बरोबर आहे. आम्ही चहा घेतला. चहा न घेता निघालो असतो तर वहिनीला वाईट वाटलं असतं.

रस्त्यावर आल्यावर सर भरभर चालत होते. मी मागून जवळजवळ धावत होते आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. हा माणूस जिंकला की हरला? त्याने चांगलं केलं की वेडेपणा केला? मला त्यांना जवळ घेऊन रडावंसं वाटत होतं आणि हलवून विचारावंसंही वाटत होतं की नुसती मान हलवायला काय झालं होतं. एका बंद दुकानाच्या फळीपाशी ते थांबले. त्यांच्या चष्म्याच्या आत पाणी होतं.

"सर, वाईट वाटतंय?"

"वाटतंय गो," ते म्हणाले. "लय वाटतंय. लपवू कशाला?"

मग त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि ते चक्क हसले.

"पण नाही म्हणाली ना, ती स्वतः म्हणाली."